अमेरिकन टीव्हीवर मुसलमान बोलत नाहीत असं नाही, त्यांना काय विचारलं जातं ते बघा

एका दादांनी विचारलंय की अमेरिकेत इस्लामवर टीव्हीवर इतक्या डिबेट होतात, त्यात समजूतदार मुसलमान कुठे असतात, फरीद झकारिया, रेझा अस्लान, मेहदी हसन ही तीच तीन-चार नावं फिरत असतात, बाकीचे गप्प का बसतात?

मी बरीच वर्षं अमेरिकन केबल न्यूजमध्ये गेस्ट बुकिंगचं काम केलंय, म्हणजे संध्याकाळच्या शोमध्ये खुर्चीवर कोण बसणार ते शोधायचं, फोन करायचा, गाडी पाठवायची, हेच काम. आता लोकांना कॅमेऱ्यासमोर बोलायचं ट्रेनिंग देते आणि त्यात मशिदीचे इमाम, वकील, डॉक्टर, कॉलेजातल्या मुली असे खूप मुस्लिम लोक येतात. त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगू शकते, उत्तर लांब होईल पण प्रश्नच तसा आहे.

गप्प कोणीच नाहीये हे आधी स्पष्ट करते. २ डिसेंबर २०१५ ला कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला गोळीबार झाला, १४ माणसं गेली, आणि त्याच रात्री तिथल्या मुस्लिम संघटनेनं पत्रकार परिषद घेतली, हल्लेखोराचा मेहुणा स्वतः माइकसमोर उभा राहिला आणि हे का झालं मला काहीच कळत नाहीये म्हणाला. निषेध करायला यापेक्षा किती घाई करायची? तरी पुढचे कित्येक दिवस लोक विचारतच होते की मुसलमान निषेध का करत नाहीत. ख्रिस्तोफर बेल नावाच्या समाजशास्त्रज्ञानं २०१२ मध्ये यावर चांगला अभ्यास केला होता, ९/११ नंतर वेगवेगळ्या संघटनांनी काढलेली पत्रकं एकीकडे आणि प्रत्यक्ष छापून आलेल्या, टीव्हीवर दाखवलेल्या बातम्या दुसरीकडे, अशी तुलना. त्यात दिसलं की मुख्य प्रवाहातल्या मुस्लिम संघटनांचे शांत भाषेतले निषेध मीडियानं जवळजवळ उचललेच नाहीत, आणि भीती आणि राग भडकवणाऱ्या छोट्या, टोकाच्या मुस्लिमविरोधी गटांची पत्रकं मात्र भरपूर चालली. बुकिंगच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

कारण काम कसं चालतं बघा. सकाळी एडिटोरियल मीटिंग होते, त्यात सेगमेंट काय ते ठरतं, बऱ्याचदा स्क्रीनच्या खाली जी पट्टी येणार तिचे शब्दही तिथेच ठरतात, आणि मग बुकरला सांगतात की आता यात बसणारी दोन माणसं आण, एक या बाजूची एक त्या बाजूची. म्हणजे प्रश्न आधी, माणूस नंतर. मग तुम्ही फोन करता, प्री-इंटरव्ह्यू घेता, पंधरा-वीस मिनिटं तो माणूस इतकं छान, गुंतागुंतीचं बोलतो की ऐकत राहावंसं वाटतं, आणि प्रोड्यूसर विचारतो तो कुठल्या बाजूचा? एका ओळीत सांग. ज्याची बाजू एका ओळीत सांगता येत नाही तो कटतो. आणि अभ्यासू, शहाणी मुस्लिम माणसं नेमकी इथेच कटतात, कारण त्यांचं उत्तर "हो पण" असं असतं.

तीच तीच नावं का दिसतात तेही इथेच आलं. दुपारी चारला फोन केला तर उचलतो, न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनला राहतो, वीस सेकंदांत वाक्य संपवतो आणि चिडला तरी बघवतं, असा माणूस एकदा मिळाला की त्याचा नंबर दहा शोमध्ये फिरतो. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला किंवा मिनेसोटात अरब, सोमाली समाज इतका मोठा आहे, पण तिथल्या बाईला स्टुडिओपर्यंत आणायची खटपट रोजच्या धबडग्यात कोणी करत नाही.

आणि त्या खुर्चीत बसलेल्याला काय दिसतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. दूरच्या शहरातला गेस्ट असेल तर त्याला एका छोट्या खोलीत बसवतात, मागे शहराचा फोटो, कानात इयरपीस, समोर फक्त कॅमेऱ्याची लेन्स. अँकर दिसत नाही, समोरचा गेस्ट दिसत नाही, आवाज किंचित उशिरा येतो, त्यामुळे तो मधे बोलला की उद्धट वाटतो आणि थांबला की अडखळल्यासारखा वाटतो. सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या चेहऱ्याखाली पट्टीवर काय लिहिलंय ते त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सीएनएनवर धर्मांचे अभ्यासक रेझा अस्लानना बोलावलं होतं तेव्हा पट्टीवर प्रश्नच असा होता की इस्लाम हिंसेला प्रोत्साहन देतो का? अशा पट्टीच्या वर बसून तुम्ही काहीही बोला, बघणाऱ्याला दिसतो तो आरोपीच.

या पद्धतीचा जुना नमुना म्हणजे नोव्हेंबर २००६. कीथ एलिसन मिनेसोटातून निवडून आले, काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकन संसदेतले पहिले मुस्लिम सदस्य. सीएनएनच्याच हेडलाइन न्यूज चॅनलवर ग्लेन बेक हा उजव्या विचारांचा होस्ट त्यांना म्हणाला की मला असं म्हणावंसं वाटतं, तुम्ही आमच्या शत्रूंसोबत काम करत नाही हे मला सिद्ध करून दाखवा. निवडून आलेल्या खासदाराला! एलिसन शांत राहिले, माझ्या मतदारांना माझं देशप्रेम माहीत आहे म्हणाले, आणि जानेवारीत शपथेसाठी त्यांनी थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली कुराणाची प्रत वापरली. मला ते उत्तर आजही कुठल्याही टीव्ही डिबेटपेक्षा भारी वाटतं.

पुढे जून २०२५, झोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक नुकतेच जिंकलेले, एनबीसीच्या रविवारच्या शोमध्ये त्यांना "ग्लोबलाइज द इंतिफादा", म्हणजे पॅलेस्टिनी उठाव जगभर न्या, या घोषणेचा निषेध करता का असं पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. हा प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, त्या घोषणेनं शहरातल्या अनेक ज्यू लोकांना खरंच भीती वाटत होती आणि उमेदवाराला ते विचारलंच पाहिजे. पण ती घोषणा त्यांनी दिलेली नव्हती, मी ती भाषा वापरत नाही असं ते सांगत होते, तरी गाडी तिथेच अडकली आणि घरभाडं, बस, डे-केअर या ज्या विषयांवर ते जिंकले होते ते मागे पडले. बेकचा उद्दामपणा आणि हा प्रश्न यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरी मुलाखतीतला वेळ कुठे जातो ते दोन्हीकडे सारखंच.

आणि कधीकधी तर बोलवतच नाहीत. ३ ऑक्टोबर २०१४, एचबीओवर बिल मारचा शो, तो प्रचंड गाजलेला एपिसोड. सॅम हॅरिस हा नास्तिक लेखक म्हणाला इस्लाम म्हणजे वाईट कल्पनांची खाण आहे, बेन अ‍ॅफ्लेक भडकला, हे वंशवादी आहे म्हणाला, निकोलस क्रिस्टॉफ आणि मायकेल स्टील मधे मधे बोलत होते. पाच पुरुष इस्लामवर कडाकडा भांडले, आठवडाभर अख्खा देश त्यावर बोलला, आणि टेबलावर एकही मुसलमान नव्हता. अ‍ॅफ्लेकचा हेतू चांगला होता, पण मुसलमानांची बाजू मांडायला हॉलिवूडचा नट लागावा यातच सगळं आलं.

आता अस्लानबद्दल, कारण नाव तुम्हीच घेतलंय. २०१३ च्या जुलैमध्ये फॉक्सच्या वेबसाइटवरच्या मुलाखतीत अँकरनं त्यांना सुरुवातीलाच विचारलं की तुम्ही मुसलमान असून येशूवर पुस्तक का लिहिलंत, आणि ते सांगत राहिले की मी धर्मांचा अभ्यासक आहे, हा माझा व्यवसायच आहे. ती क्लिप व्हायरल झाली, पुस्तक बेस्टसेलर यादीत सगळ्यात वर गेलं. तिथे त्यांची बाजू शंभर टक्के बरोबर होती. पण वर सांगितलेल्या २०१४ च्या सीएनएन मुलाखतीत ते म्हणाले की मुलींची खतना, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापणं, हा इस्लामचा नाही, मध्य आफ्रिकेचा प्रश्न आहे, ख्रिश्चन इथिओपियातही होतं. शेवटचा भाग खरा आहे. पण इजिप्त, सोमालिया, इंडोनेशियाचं काय? तिथे धर्माचा आधार देऊनच ते होतं. अँकरचे प्रश्न इतके ढोबळ होते की त्यांना चिरडणारं उत्तर हवं होतं, आणि चिरडणारं उत्तर देताना खरं अर्धवट राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र तेव्हाही वाईट वाटलं, कारण याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजते.

कोण मोजते ते सांगते, आणि हे मुंबईशी थेट जोडलेलं आहे. दाऊदी बोहरा समाजात लहान मुलींची खतना होते, समाजाचं मुख्य केंद्र मुंबईत, आणि कुटुंबं न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सास सगळीकडे. २०१५ मध्ये काही जणींनी मिळून मुंबईत साहियो ही संस्था सुरू केली, त्यांची अमेरिकेतही शाखा आहे, आणि त्यातल्या बोहरा बायका स्वतःच्या आयुष्याबद्दल नावानिशी बोलू लागल्या. मग एप्रिल २०१७ मध्ये डेट्रॉइटजवळ मुलींची खतना केल्याच्या आरोपावरून एका डॉक्टरला अटक झाली, त्यावर बंदी घालणाऱ्या १९९६ च्या फेडरल, म्हणजे देशभराच्या कायद्याखालची ती पहिलीच केस. एकदम सगळ्या चॅनलना बोहरा बाई हवी झाली. आणि या बायकांची अवस्था विचार करा, बोललं तर उजवे शो त्यांचं वाक्य उचलून सगळ्या मुसलमानांना देशाबाहेर काढा म्हणायला वापरणार, ट्रम्पची प्रवेशबंदी नुकतीच आलेली, आणि समाजातले लोक म्हणणार की आत्ताच्या आत्ता हे बोलायची काय गरज, तुम्ही आपल्याच माणसांना विकलंत. नाही बोललं तर सात वर्षांच्या मुलींचं काय? तरीही त्या बोलल्या, आणि इतकं नेमकं बोलल्या की ऐकत राहावं, ही प्रथा चुकीची आहे, बंद झाली पाहिजे, आणि माझ्या समाजाचा द्वेष करायला माझी साक्ष वापरू नका, दोन्ही एका दमात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशानं तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, कारण असा कायदा करायचा अधिकार काँग्रेसला नाही, तो राज्यांचा विषय आहे, म्हणून. मग राज्याराज्यात कायद्यासाठी खटपट चालू राहिली आणि जानेवारी २०२१ मध्ये सुधारित फेडरल कायदा झाला. टीव्ही तोपर्यंत कधीच निघून गेला होता. तुम्ही विचारता ना समजूतदार आवाज कुठे आहेत, तर मला पहिल्यांदा याच बायका आठवतात.

समाजाच्या आतून टीका करणारे असले की टीव्हीवर त्यांचं एक वेगळंच होतं. अस्रा नोमानींचं उदाहरण घ्या, जन्म मुंबईचा, वाढल्या वेस्ट व्हर्जिनियात, वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये पत्रकार होत्या, त्यांचा सहकारी पत्रकार डॅनियल पर्लचं कराचीत अपहरण झालं तेव्हा तो त्यांच्याच घरी उतरला होता. २००३ मध्ये त्यांनी मॉर्गनटाउनच्या मशिदीत मागच्या दारानं जायला नकार दिला आणि सरळ मुख्य दालनात जाऊन बसल्या. मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्कला इस्लामच्या अभ्यासक आमिना वदूद यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र शुक्रवारच्या नमाजचं नेतृत्व केलं, ते घडवून आणण्यात नोमानी पुढे होत्या. या लढाया खऱ्या होत्या आणि मला त्यांचा मनापासून आदर आहे. पुढे त्यांनी ट्रम्पना मत दिलं, ते जाहीर लिहिलंही, ते मला पटत नाही, पण म्हणून मशिदीच्या दाराचा मुद्दा खोटा ठरत नाही. अडचण अशी की चॅनलना त्यांच्याकडून एकच वाक्य हवं असायचं, मुसलमानांमध्ये प्रॉब्लेम आहे, एवढंच. अ‍ॅरिझोनातले डॉक्टर झुहदी जसर यांचंही तेच, २०११ च्या मार्चमध्ये मुसलमानांमधल्या कट्टरतेवर खासदार पीटर किंग यांनी घेतलेल्या संसदीय सुनावणीत ते साक्षीदार होते, त्यानंतर तर ते कायमचे "चांगले मुसलमान" ठरले. सोमालियात जन्मलेल्या लेखिका अयान हिरसी अलींनी तर धर्मच सोडलेला, २०२३ मध्ये त्यांनी ख्रिश्चन झाल्याचं जाहीर केलं, तरी कित्येक वर्षं इस्लामवरच्या पॅनलवर मुस्लिम बाईची खुर्ची त्यांनाच मिळायची. त्यांनी भोगलंय ते भयंकर आहे, त्यांना बोलायचा पूर्ण हक्क आहे. पण ज्या बाईचा आजही अल्लावर विश्वास आहे आणि तरी नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध ती कोर्टात जाते, तिची खुर्ची कुठे?

हा चांगला मुसलमान आणि वाईट मुसलमान असा भाग पाडण्याचा खेळ ९/११ नंतर लगेच ओळखला तो महमूद ममदानींनी, तेही मुंबईत जन्मलेले, वाढले कंपालात, न्यूयॉर्कला कोलंबियात प्राध्यापक. त्यांचं म्हणणं होतं की राजकारणातून आलेल्या हिंसेचं कारण तुम्ही धर्माच्या स्वभावात शोधताय आणि मग प्रत्येक मुसलमानाला आधी आपण कुठले ते सिद्ध करायला लावताय. आणि आता त्यांचाच मुलगा झोहरान त्या चाळणीतून जातोय.

फरीद झकारिया मात्र वेगळ्या वाटेनं आले. वडील रफिक झकारिया महाराष्ट्राचे मंत्री, औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं मौलाना आझाद कॉलेज त्यांनीच उभं केलं, आई फातमा झकारिया पत्रकार. मुलगा परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक म्हणून वर आला, मुसलमान म्हणून नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये न्यूजवीकच्या मुखपृष्ठावर त्यांचा मोठा लेख आला की तिथे आपला एवढा राग का आहे, आणि त्यात अरब देशांतल्या हुकूमशाह्या, तुंबलेली अर्थव्यवस्था, विरोधाला मशिदीशिवाय जागाच न उरणं असं सगळं होतं. त्या महिन्यात इतकं कडक आणि तरी शहाणं लिहिणं सोपं नव्हतं. २०१० मध्ये न्यूयॉर्कला ग्राउंड झीरोजवळच्या इस्लामिक सेंटरवरून रणधुमाळी चालू होती, तेव्हा अँटी-डिफेमेशन लीग या ज्यू संघटनेनं त्या जागेला विरोध केला, आणि झकारियांनी त्यांनीच २००५ मध्ये दिलेला पुरस्कार आणि १० हजार डॉलर परत केले. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रम्प मुस्लिम प्रवेशबंदीचं बोलले तेव्हा त्यांनी लिहिलं की मी धर्म पाळत नाही, बायको ख्रिश्चन आहे, मुलांना मुसलमान म्हणून वाढवलेलं नाही, तरी लोक मला मुसलमान म्हणूनच बघणार, आणि मला संताप येतोय तो अमेरिकन म्हणून.

इतकी वर्षं हे बघून माझं मत असं झालंय की मुस्लिम माणूस जेव्हा इस्लामचा जाब द्यायला बोलावलेला नसतो तेव्हाच त्याचं खरं ऐकलं जातं. २८ जुलै २०१६ ला फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात खिझ्र खान स्टेजवर आले ते बाप म्हणून, मुलगा कॅप्टन हुमायून २००४ मध्ये इराकमध्ये सैनिकांना वाचवताना गेला, त्यांनी खिशातली राज्यघटनेची छोटी प्रत काढली आणि ट्रम्पना विचारलं की ही वाचली आहे का. शेजारी बायको गझाला खान गप्प उभ्या होत्या. ट्रम्प म्हणाले तिला कदाचित बोलू दिलं नसेल. मग त्यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिलं की मागे पडद्यावर मुलाचा मोठा फोटो होता, मला स्वतःला सावरताच येत नव्हतं. डोक्यावर ओढणी आणि तोंड बंद, एवढ्यावरून लोकांनी काय काय ठरवलं, आणि खरं कारण एवढंच की ती आई होती. यानंतर इस्लामवर अर्धा तास डिबेट करायची गरज उरली नाही. तसंच अम्ना नवाझ, डिसेंबर २०१९ मध्ये अध्यक्षीय डिबेट मॉडरेट करणाऱ्या पहिल्या मुस्लिम, २०२३ पासून पीबीएसच्या रोजच्या बातम्यांच्या सहअँकर. त्या प्रश्न विचारतात, जाब देत नाहीत.

न्यूजरूममध्ये माणसं असली की फरक पडतोच. मार्च २०१९ मध्ये फॉक्सवर होस्ट जनीन पिरोंनी मुस्लिम खासदार इल्हान ओमर यांच्या हिजाबवरून त्यांच्या घटनेवरच्या निष्ठेबद्दल शंका घेतली, तेव्हा त्याच चॅनलमधल्या एका मुस्लिम प्रोड्यूसरनं उघड ट्वीट करून हे थांबवा म्हटलं. चॅनलनं पिरोंच्या बोलण्याचा निषेध केला आणि पुढच्या शनिवारी तो शो लागला नाही. नोकरी पणाला लावून एका मुलीनं केलेली ही गोष्ट मला कुठल्याही पॅनलपेक्षा मोठी वाटते.

पण आत शिरणं म्हणजे सुरक्षित होणं असंही नाही. मेहदी हसन, आईवडील हैदराबादचे, जन्म इंग्लंडचा, एमएसएनबीसीवर त्यांचा शो होता, तो बंद होणार हे नोव्हेंबर २०२३ मध्ये, गाझाचं युद्ध पेटलेलं असताना जाहीर झालं. चॅनलनं वीकेंडच्या वेळापत्रकातला बदल म्हटलं, बाहेर फार थोड्यांना ते पटलं. २०२४ मध्ये त्यांनी झेटेओ नावाचं स्वतःचं माध्यम काढलं. त्याच ऑक्टोबरमध्ये सीएनएनच्या पॅनलवर एक जण त्यांना तोंडावर म्हणाला की तुझा बीपर फुटू नये म्हणजे झालं, लेबनॉनमध्ये हिजबुल्लाच्या लोकांकडच्या पेजरचे (म्हणजे बीपरचेच) स्फोट होऊन महिनाच झाला होता. अँकरनं माफी मागितली, त्या माणसाला पुन्हा न बोलवण्याचं चॅनलनं जाहीर केलं. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, भल्याभल्यांना मुलाखतीत निरुत्तर करणारा माणूस, आणि त्याला लाइव्ह टीव्हीवर हे ऐकावं लागतं.

एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. प्यू रिसर्चच्या २०१७ च्या अंदाजानं अमेरिकेत साडेचौतीस लाख मुसलमान होते, आणि त्यातले साधारण पाचातला एक जण कृष्णवर्णीय. १९५९ मध्ये टीव्हीवर माइक वॉलेस यांची माहितीपट मालिका आली तेव्हा गोऱ्या अमेरिकेनं कृष्णवर्णीय मुस्लिम नेते माल्कम एक्स पहिल्यांदा पाहिले, मोहम्मद अलींनी १९६७ मध्ये सैन्यात जायला नकार दिला, म्हणजे अमेरिकन मीडियात इस्लामचा आवाज आधी यांचा होता. ९/११ नंतर इस्लाम म्हणजे अरब आणि पाकिस्तानी असं एकदा ठरून गेलं आणि हे लोक पॅनलवरून गायबच झाले. फिलाडेल्फिया, अटलांटा, शिकागोच्या मशिदींत तीन-तीन पिढ्या गेल्या त्यांच्या, परदेशी म्हणून हिणवताही येत नाही. "तुम्ही अमेरिकेत रुळाल का" हा प्रश्न त्यांना विचारताच येत नाही, आणि म्हणूनच बहुधा बोलवत नाहीत.

माझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्यांना मी काय सांगते तेही लिहिते. फोन आला की आधी विचारा सेगमेंटचं नाव काय, पट्टीवर काय येणार, दुसरा गेस्ट कोण. विचारायला लाजू नका, बुकर सांगतो. पट्टीवरचा प्रश्नच वाईट असेल तर नाही म्हणा, आणि त्याच श्वासात सांगा की मी या या विषयावर येईन, शाळा, हॉस्पिटल, कायदा, जे तुमचं काम असेल ते. हल्ल्याचा निषेध करा, तो करायलाच हवा आणि मनापासून असतो, पण एका वाक्यात करून पुढे जा, तीन मिनिटं त्यातच घालवू नका. आणि धर्माच्या नावानं आपल्या लोकांत जे चुकीचं चालतं त्यावर खोटं बोलू नका, कारण ते ऐकणाऱ्यांत आपल्याच मुली असतात.

आणि दादा, हल्ल्यांच्या बातम्यांचं म्हणाल तर २००६ ते २०१५ मधल्या अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, हल्लेखोर मुसलमान असला तर त्या हल्ल्याला ३५७ टक्के जास्त बातम्या मिळाल्या. म्हणजे मुस्लिम गेस्टला फोन जातो तोच मुळात अशा दिवशी. पुढच्या वेळी असं पॅनल लागलं की आवाज थोडा वेळ बंद करून पट्टी वाचा आणि गेस्टच्या नावाखाली त्याचं काम लिहिलंय की नुसता धर्म, ते बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेडिओवर एक होस्ट म्हणाला की पुन्हा ९/११ झालं तर ममदानी खूश होतील, आणि त्या शोमध्ये बोलत असलेले ममदानींचे प्रतिस्पर्धी उमेदवार अँड्र्यू कुओमो हसले. दुसऱ्या दिवशी ममदानी ब्राँक्सच्या मशिदीबाहेर बोलले, मी नीट वागलो, जीभ आवरली तर लोक मला माझ्या धर्मापलीकडे बघतील असं मला वाटायचं, ते चुकलं माझं. ४ नोव्हेंबरला ते निवडून आले. ते भाषण शोधून पूर्ण ऐका, क्लिप नको, पूर्ण.